मशीनने पाणी सोडलं की ड्रेन उलटतो: चोकअप काढूनही तक्रार परत का येते

कपडे धुऊन होईपर्यंत सगळं ठीक असतं. मशीन पाणी सोडायला लागलं की काही सेकंदांत भिंतीलगतच्या उभ्या पाईपच्या तोंडातून, नाहीतर जमिनीवरच्या जाळीतून फेसाळ पाणी वर येतं. पंप थांबला की आपोआप ओसरतं. प्लंबर येतो, स्प्रिंग (चोकअप काढायची लांब, लवचिक तार) फिरवतो, राखाडी लगदा काढून दाखवतो आणि महिना-दोन महिने शांतता. मग पुन्हा तेच.

चोकअप खोटा नसतो. पण पाईप अरुंद असेल, ढाळ कमी असेल किंवा हवेला वाट नसेल, तर लगदा त्याच जागी पुन्हा साठणारच. म्हणून स्प्रिंग मागवण्याआधी दोष मशीनचा, पाईपचा की जोडणीचा, हे ठरवून घ्या. त्याला एक बादली आणि पंधरा मिनिटं पुरतात.

आधी बादली

मशीनची नळी उभ्या पाईपमधून बाहेर काढा. स्टुलावर मोठी बादली ठेवा आणि नळीचं तोंड जमिनीपासून ८० सें.मी. उंचीवर येईल असं धरा. फक्त पाणी सोडण्याचा किंवा स्पिनचा प्रोग्रॅम लावा. मशीनमध्ये १० ते २० लिटर पाणी असू शकतं, त्यामुळे दुसरी बादली जवळ असू द्या आणि बटणापाशी एक माणूस उभा करा.

नळीचं तोंड भरून जोरात धार आली आणि मिनिटभरात पाणी संपलं, तर मशीनचा पंप ठणठणीत आहे. मेकॅनिकला बोलावू नका, पाईपकडे वळा. धार बारीक असेल, थांबून थांबून येत असेल आणि पंप नुसताच घुमत असेल, तर खोट मशीनच्या बाजूला. एलजीच्या मशीनवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘५सी’ किंवा ‘५ई’, बॉशवर ‘ई१८’ असे कोड दिसतात ते याच तक्रारीचे. मात्र कोडवरून पंप बिघडला असं ठरवता येत नाही. ठरावीक वेळेत पाणी बाहेर गेलं नाही, एवढंच मशीन सांगतं. तुंबलेल्या पाईपमुळेही तोच कोड येतो.

धार बारीक असेल तर नवा पंप घेण्याआधी पंपाचा फिल्टर उघडा. फ्रंट लोडमध्ये तो पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, छोट्या झाकणाआड असतो. आधी मशीनचा विजेचा प्लग काढा. फिल्टरशेजारी बारीक रबरी नळी असेल तर तिचं बूच काढून पसरट ताटलीत पाणी उतरवा. तशी नळी नसेल तर फिल्टर एकदम न काढता अर्धा-पाऊण आटा फिरवून पाणी हळूहळू येऊ द्या. नाणी, हेअरपिन, टाचण्या, ब्राच्या तारा, शर्टाची बटणं असा सगळा ऐवज तिथे सापडतो. फिल्टर काढल्यावर आत बोट घालून पंपाचा पंखा फिरतो का बघा. तो झटक्याझटक्याने फिरतो. आत चुंबक असल्यामुळे तसं होणं बरोबर आहे. केस किंवा दोरा गुंडाळला असेल तर आधी तो सोडवा. फिल्टर बसवताना त्याचं रबर आणि आटे पुसून घ्या, नाहीतर पुढच्या धुण्याला तिथूनच पाझर सुरू होतो. नळी मशीनमागे चिमटली आहे का, तेही बघा. मशीन भिंतीला टेकवून ढकललं की हमखास तसं होतं. मागे १० सें.मी. तरी मोकळी जागा ठेवा.

मग पाईपची परीक्षा

मशीन निर्दोष ठरलं असेल तर १५ लिटरची भरलेली बादली नरसाळ्याने उभ्या पाईपमध्ये ओता. बारीक धारेने नाही, पाऊण ते एक मिनिटात सगळी संपेल अशा वेगाने. पंपाचा वेग साधारण तेवढाच, मिनिटाला १५ ते २० लिटर, कधी त्याहूनही जास्त असतो. रोजच्या नळाच्या धारेला पाईप दाद देतो म्हणून तो ठीक आहे असं समजू नका.

पाणी काय करतं ते नीट बघा. ओतताक्षणी तोंडाशी आलं, तर अडथळा अगदी जवळ आहे: तळचा बेंड, ट्रॅप (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा तुकडा) किंवा पाईपच अरुंद. पाणी जातं, पण डब-डब आवाज करत, थांबत थांबत, तर हवा अडकते आहे. आणि आठ-दहा लिटर निमूट गेले, मग एकदम पाणी वर चढलं, तर चोकअप पुढे कुठेतरी आहे. ५० मि.मी.च्या पाईपमध्ये मीटरमागे पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी मावतं. उभ्या पाईपचे दीड लिटर वजा करा, उरलेल्याला पावणेदोनने भागा; अडथळा किती मीटरवर असेल याचा ढोबळ अंदाज मिळतो. ओतताना थोडं पाणी पुढे निघून जात असतं, म्हणून खरं अंतर यापेक्षा थोडं कमीच निघतं. तरी स्प्रिंग किती लांबीची आणायची, फरशी कुठे उघडावी लागेल, हे बोलायला एवढा अंदाज पुरतो.

पाईप किती रुंद

वॉशबेसिनचा ३२ मि.मी.चा पाईप हाताशी असतो म्हणून मशीनलाही तोच लावला जातो. परत परत उलटणाऱ्या ड्रेनमागे हे कारण फार वेळा निघतं. ४० मि.मी. ही किमान मर्यादा धरा, आणि नवीन काम करत असाल तर ५० मि.मी.च टाका. आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण ५० मि.मी.च्या पाईपचं पोट ३२ मि.मी.च्या जवळपास अडीचपट असतं.

उभा पाईप म्हणजे पाणी साठवायची टाकी आहे, अशीही एक समजूत असते. ८० सें.मी. उंचीच्या ५० मि.मी. पाईपमध्ये जेमतेम दीड लिटर पाणी राहतं. मिनिटाला १५ लिटर येत असतील आणि खाली वाट बंद असेल, तर सहा सेकंदांत तो काठोकाठ भरतो. त्यामुळे पाईप आणखी वर वाढवून तक्रार मिटत नाही. पुढची वाटच मोकळी लागते.

आडव्या पाईपला मीटरमागे अडीच सें.मी. ढाळ द्या. ढाळ कमी पडला की पाणी निघून जातं आणि कपड्यांचा लव तळाशी बसून राहतो. फरशीखालच्या पाईपचा ढाळ नंतर बदलता येत नाही, म्हणून काम चालू असतानाच लेव्हल बॉटल ठेवून बघा. उघड्यावरच्या पाईपला दर मीटरभर अंतरावर क्लॅम्प मारा, नाहीतर पाईप मधेच झोळ खातो आणि त्या झोळात कायम पाणी उभं राहतं. वळणावर साधा ९० अंशाचा एल्बो लावण्यापेक्षा ४५ अंशाचे दोन बेंड लावा. तळाशी डोअर बेंड असू द्या, म्हणजे झाकण उघडून तिथूनच सफाई होते. उभा पाईप सोल्यूशनने न चिकटवता रबर रिंगचा बसवला, तर गरज पडेल तेव्हा उपटून धुता येतो.

उंची: कमी नको, जास्तही नको

पंपाच्या मशीनची नळी उभ्या पाईपमध्ये जिथे शिरते, ती जागा मशीन उभं असलेल्या पातळीपासून ६० ते १०० सें.मी. उंच हवी. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. मशीन स्टँडवर असेल तर उंची स्टँडच्या वरून मोजायची. यात चूक फार होते.

नळीचं तोंड खाली राहिलं, तर मशीन पाणी भरत असतानाच ते ड्रेनमध्ये ओढलं जातं. इकडून भरतं, तिकडून जातं. प्रोग्रॅमची वेळ एका आकड्यावर अडकते, साबण धुण्याआधीच वाहून जातो आणि पुरवठ्याचा कोड येतो. मग सगळे नळाकडे बघत बसतात, दोष मात्र ड्रेनच्या नळीत. खात्री करणं सोपं आहे: मशीन पाणी भरत असताना नळीचं तोंड बघा. पंपाचा आवाज नसताना तिथून पाणी येत असेल, तर सायफन लागला आहे, म्हणजे पाणी नळीतून आपोआप ओढलं जातं आहे. नळी वर घ्या आणि पाईपमध्ये १० ते १५ सें.मी.पेक्षा जास्त आत खुपसू नका. खोल गेली की तिचं टोक पाण्यात बुडतं आणि उंची बरोबर असूनही सायफन लागतो, शिवाय पाईपची वाट अरुंद होते ती वेगळीच. मशीनसोबत येणारा वाकडा प्लास्टिकचा हूक फेकून देऊ नका. नळी तेवढीच आत राहावी म्हणून तो असतो. वर एक टाय मारा, म्हणजे पंपाच्या धक्क्याने नळी उडणार नाही.

मीटरपेक्षा फार उंच नेलं तर पंपाची दमछाक होते. नळीला जोड देऊन चार-पाच मीटर लांब केली की तीच गत. शिवाय पंप थांबल्यावर नळीतलं पाणी मागे मशीनमध्ये उतरतं: २० मि.मी. पोटाच्या दीड मीटर नळीत जवळपास अर्धा लिटर. जितकी नळी लांब, तितकं मळकं पाणी परत.

सेमी-ऑटोमॅटिक आणि पंप नसलेल्या काही टॉप लोड मशीनना हे लागू नाही. त्यांचं पाणी नुसतं उताराने जातं, म्हणून नळी जमिनीलगतच राहिली पाहिजे. ती उचलून उभ्या पाईपला अडकवली तर टबमध्ये पाणी तसंच राहणार. अशा मशीनजवळ ड्रेनचं तोंड जमिनीतच काढा.

हवा, ट्रॅप आणि वास

नळी आणि पाईप यांच्यातली फट टेपने, एमसीलने किंवा चिंध्या कोंबून बंद केलेली दिसली तर आधी ते काढा. बंद करणाऱ्याचा हेतू वास किंवा उलटणारं पाणी थांबवण्याचा असतो. पण ती फट हवेसाठी लागते. ती बुजवली की सायफनला मोकळं रान मिळतं आणि तुंबलेलं पाणी जवळच्या दुसऱ्या जाळीतून किंवा सिंकमधून वर येतं. तक्रार मिटत नाही, जागा बदलते.

वासाचा इलाज ट्रॅपमध्ये आहे. ट्रॅपमध्ये ५० मि.मी. तरी पाणी उभं राहिलं पाहिजे. तेच गटाराचा वास अडवतं. मशीन आठवडेच्या आठवडे बंद असेल तर हे पाणी सुकतं आणि वास येतो. तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो. मशीन रोज चालत असूनही प्रत्येक धुण्यानंतर वास येत असेल, तर जोराने जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणीही सोबत ओढून नेतं आहे. त्या लाईनला व्हेंट, म्हणजे हवा येण्याजाण्याची वाट हवी. व्हेंटचा पाईप वरपर्यंत नेता येत नसेल तर एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह बसवतात. तो हवा आत घेतो, वास बाहेर सोडत नाही. बसवायचा तो उभ्या पाईपच्या तोंडापेक्षा उंच जागी आणि उघडता येईल असा.

डब-डब आवाजाचं एक नेहमीचं कारण म्हणजे दोन ट्रॅप. उभ्या पाईपखाली पी-ट्रॅप (वाकड्या पाईपचा ट्रॅप) बसवायचा आणि तो पुढे नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या ट्रॅपला जोडायचा. मधल्या पाईपमध्ये हवा कोंडते आणि पाणी अडखळत जातं. ट्रॅप एकच ठेवा. पाईप नहाणी ट्रॅपला जोडला असेल तर वरचा पी-ट्रॅप काढून सरळ तुकडा टाका. बेसिनखाली असतो तसला बॉटल ट्रॅप मशीनला लावूच नये. त्याची आतली वाट इतकी चिंचोळी असते की लव तिथे अडकणारच.

लगदा कुठून येतो

स्प्रिंगला लागून येणारा चिकट लगदा म्हणजे कपड्यांचा लव, न विरघळलेली पावडर आणि सॉफ्टनर यांचं मिश्रण. सतत थंड पाण्यात धुतलं आणि पावडर मापापेक्षा जास्त घातली की तो झपाट्याने वाढतो. नळीच्या तोंडाला जाळीची पिशवी बांधायचा उपाय उघड्या मोरीत चालतो, रोज साफ करणार असाल तर. उभ्या पाईपमध्ये नको. भरलेली पिशवी बुचासारखी बसते आणि पाणी थेट जमिनीवर येतं.

कॉस्टिकची पावडर ओतून बघायचा मोह आवरा. पाणी उभं असलेल्या पाईपमध्ये ती तळाशी बसून दगडासारखी घट्ट होऊ शकते, शिवाय तापते. तिच्यासोबत अ‍ॅसिड किंवा ब्लीच कधीच घालायचं नाही. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी पाईप ६० अंशांच्या वर मऊ पडायला लागतो. हाताला कढत लागेल इतपत गरम पाणी बादलीभर आणि मग स्प्रिंग, हा क्रम पुरतो. स्प्रिंग नुसती ढकलू नका. अडली की फिरवत मागे-पुढे करा आणि लगदा बाहेर ओढा. पुढे ढकललेला लगदा पुढच्या बेंडला भेटतो.

सिंकखाली जोडलं असेल तर

स्वयंपाकघरात मशीनची नळी सिंकच्या वेस्टला तिरक्या नोझलने जोडतात. नवीन ट्रॅपच्या नोझलमध्ये आत प्लास्टिकचा पडदा असतो, तो कापल्याशिवाय पाणी जात नाही. नवी जोडणी पहिल्याच दिवशी अडली तर आधी तिथे बघा. नोझलला जोडण्याआधी नळी ओट्याला खालून टेकेल इतकी वर नेऊन मग खाली आणा. हा वळसा दिला नाही तर सिंकचं खरकटं पाणी नळीतून मशीनमध्ये येतं.

बंद मशीनच्या ड्रममध्ये पाणी दिसलं तर एक वाटी काढून उजेडात धरा. मळकट, तेलकट असेल तर ते ड्रेनमधून मागे आलेलं आहे: वळसा वाढवा, जागा नसेल तर एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावा. पाणी स्वच्छ असेल तर ते पुरवठ्याच्या बाजूचं आहे. मशीनचा इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. रात्रभर नळ बंद ठेवा; सकाळी ड्रम कोरडा असेल तर व्हॉल्व्ह बदलायचा, दुसरं काही नाही.

पुरवठ्याची बाजू

‘आयई’, ‘४सी’, ‘४ई’, ‘ई१७’ हे कोड पाणी पुरेसं येत नसल्याचे. सायफन नाही याची खात्री वर केलीच आहे. आता इनलेट पाईप नळापासून सोडवा आणि नळ पूर्ण उघडून १० लिटरची बादली भरा. दीड मिनिटाच्या आत भरली तर पुरवठा ठीक, दोष मशीनच्या तोंडाशी. दोन मिनिटांहून जास्त लागली तर नळ, लाईन किंवा दाब.

मशीनच्या तोंडाशी म्हणजे तिथली बारीक जाळी. पाईप काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात ती दिसते. मधलं टोक चिमट्याच्या पकडीने धरून सरळ बाहेर ओढा. टाकीतली वाळू, गंज, पाईप कापतानाचा पीव्हीसीचा कीस आणि टेफ्लॉनचे धागे तिथे अडकतात. जुन्या टूथब्रशने घासा, खारट पाण्याचा पांढरा थर असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा. फाटली असेल तर नवी बसवा. जाळीविना मशीन चालवलं तर कण व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि मग बंद मशीनमध्ये पाणी भरत राहतं.

दाबाचा हिशेब सोपा आहे. पाण्याची दर १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार (दाब मोजायचं एकक). बहुतेक फ्रंट लोडना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या व्हॉल्व्हपेक्षा ३ ते ५ मीटर वर हवी. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हा आकडा गाठत नाही. तिथे नळ बदलून काही होत नाही. मशीनच्या लाईनवर फ्लो स्विचचा (पाणी वाहू लागलं की आपोआप चालू होणारा) छोटा प्रेशर पंप लावा किंवा टाकीचं स्टँड उंच करा. दाब बरा असूनही धार बारीक असेल तर अँगल कॉक उघडून बघा. स्वस्त कॉकचं आतलं छिद्र कधी कधी फारच लहान असतं.

जोडणीत एक गोष्ट नेहमी उलटी होते. भिंतीतून येणाऱ्या अर्धा इंची आट्याला टेफ्लॉन टेप लागते, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आठ-दहा वेढे. इनलेट पाईपच्या पाऊण इंची प्लास्टिक नटला टेप लावायची नाही. तिथे पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर. टेपमुळे नट तिरका बसतो, मग पान्याने आवळलं जातं आणि नट चिरतो. हाताने घट्ट करा, वर पाव आटा, बस.

मशीनने पाणी घेणं थांबवलं की भिंतीत ‘ठक’ आवाज येत असेल, तर झटकन बंद होणारा व्हॉल्व्ह वाहत्या पाण्याला एकदम अडवतो आहे. सैल पाईपला क्लॅम्प मारा, नळ थोडा कमी उघडा. तरीही येत राहिला तर नळ आणि इनलेट पाईप यांच्यामध्ये वॉटर हॅमर अरेस्टर (पाण्याचा धक्का झेलणारा तुकडा) बसवा. हा आवाज वर्षानुवर्षं चालू दिला की जोड सैल होतात. इनलेट पाईप फुगलेला किंवा नटाजवळ चिरलेला दिसला तर लगेच बदला, आणि एरवीही पाच वर्षांत एकदा. धुणं झालं की नळ बंद करायचा. रात्री फुटणारा पाईप तासाभरात खोली भरतो.

काम झाल्यावर प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, नळ उघडा ठेवून एक पूर्ण प्रोग्रॅम चालवा आणि ड्रेन सुरू होईल तेव्हा उभ्या पाईपच्या तोंडाशी उभे राहा. पाणी तोंडापासून हातभर खालीच राहिलं पाहिजे. टिश्यू कुठे ओला झाला तर तो नट आणखी आवळू नका. उघडा, वॉशर पलटी करून किंवा नवा घालून परत बसवा.